ताराबाईंचं ताट

द्राक्षं उतरायला लागली की आमच्या कॉलेजात भांडणांना ऊत येतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, वेळ तेवढी एक. फेब्रुवारीत महामार्गाच्या कडेला क्रेट मांडून, डोक्यावर पदर ओढून बायका बसतात, ओझरच्या अलीकडे-पलीकडे उन्हात घड चमकायला लागतात, आणि बरोबर त्याच दिवसांत आमच्या चार विभागांची वेळापत्रकं एकमेकांवर आदळतात. परीक्षा तोंडावर आलेली असते. डॉक्टर होणाऱ्यांना वॉर्ड हवा असतो, नर्सिंगच्या मुलींना हवा असतो, आमच्या फिजिओथेरपीवाल्यांना हवा असतो, आणि सगळ्यांना तो सकाळीच हवा असतो, पेशंट ताजे असताना. यंदाही तेच चाललंय. काल माझ्या टेबलावर कुणीतरी काळ्या द्राक्षांचा घड ठेवून गेलं. बहुधा लाच असावी. मी द्राक्षं खाल्ली, वॉर्ड दिला नाही.

मी फिजिओथेरपी शिकवते. शिवाय माझ्याकडे आणखी एक तास आहे, जो कुणालाच नको होता म्हणून फिरत फिरत माझ्याकडे आला. त्याचं अधिकृत नाव एका दमात म्हणता येत नाही. साध्या भाषेत सांगायचं तर डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि बोलण्या-गिळण्यावर उपचार करणारे स्पीच थेरपिस्ट, या सगळ्यांनी शिकत असतानाच एकमेकांबरोबर काम करायला शिकावं, म्हणजे पेशंटच्या वाट्याला चार निरनिराळे उपचार न येता एकच नीट उपचार येईल. मुलं या तासाला भेळ म्हणतात. मला ते नाव आवडतं. भेळेत कांदा कांदाच राहतो आणि कुरमुरा कुरमुराच, पण खाणाऱ्याला घास एकच लागतो. असं मी त्यांना एकदा म्हटलं, तर ती हसली नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. परीक्षेच्या दिवसांत मुलं काहीही लिहून घेतात.

हे दिवस आले की मला काही वर्षांपूर्वीचा एकच हंगाम आठवतो. त्या वर्षी थंडी रेंगाळली होती. सकाळी स्वेटर लागायचा आणि दुपारी ऊन चटके द्यायचं. हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीपलीकडे द्राक्षाची बाग होती. आजही आहे, पण निम्मी. निम्म्या जागेवर प्लॉट पडलेत. वॉर्डच्या खिडक्या बागेकडे उघडायच्या. आत फिनेलचा वास, बाहेरून पिकल्या द्राक्षांचा गोडसर, जरासा आंबूस वास. क्रेट एकावर एक टाकल्याचे आवाज यायचे, आणि मधूनच काढणीच्या बायकांचं मोठमोठ्यानं हसणं. छातीत दुखतंय म्हणून भरती झालेले बागायतदार स्वतःच्या कार्डिओग्रामबद्दल अवाक्षर विचारत नसत, खिडकीबाहेरच्या ढगाबद्दल मात्र डॉक्टरांना खोदून खोदून विचारत. ढग आला की अख्ख्या वॉर्डचं ब्लडप्रेशर वाढायचं.

हॉस्पिटलात सगळेजण नातेवाईक असतात, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. नर्स ही सिस्टर. स्ट्रेचर ढकलणारे मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी. पेशंट आजी नाहीतर बाबा. एवढं गोतावळ्याचं घर, पण घरात जसं असतं तसंच, जेवायची टेबलं वेगळी. कॅन्टीनमध्ये डॉक्टर होणारे खिडकीशी बसत, नर्सिंगच्या मुली भिंतीशी, आणि आमची मुलं जिथे जागा उरेल तिथे. पेशंट आमच्या मुलांना व्यायामवाले म्हणत. डॉक्टर तेवढे कुणाचेच कुणी नव्हते. ते सर होते.

ताराबाई या घरात आल्या त्या अॅम्ब्युलन्समधून, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात आणि पाय निर्जीव. ओझरजवळच्या गावच्या. साठीच्या आसपास वय, मधुमेह जुना. त्यांची सून मनीषा सोबत होती. ती सगळ्यांना एकच सांगत होती, "सकाळी चुलीपाशी बसल्या होत्या, कप पडला म्हणून बघायला गेले तर ह्या पडलेल्या." काही दिवसांत जीवावरचं निभावलं. पायात थोडी हालचाल आली, बोलणं जड पण कळेल इतपत झालं. एक गोष्ट मात्र अडली. गिळता येईना. पाणी पाजलं की ठसका, ठसक्याबरोबर डोळ्यांत पाणी. अशा वेळी अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, म्हणून नाकातून पोटात नळी घातली आणि ठरावीक वेळानं तिच्यातून पातळ पेज, दूध असं सोडायला सुरुवात झाली.

नळी ही आमच्या दृष्टीनं साधी गोष्ट. ताराबाईंच्या दृष्टीनं तिच्यावर सगळं अवलंबून होतं. मनीषा पॅकहाउसमध्ये जायची. द्राक्षाच्या हंगामात एक्स्पोर्टचा माल निवडायला आणि पेट्यांत भरायला बायका लागतात, सकाळी गेलेली ती संध्याकाळी यायची, आणि या दोन-तीन महिन्यांच्या कामावर त्यांचं वर्ष चालायचं. मुलगा कारखान्यात कंत्राटावर. दिवसभर घरी बसून दर दोन तासांनी नळीतून पेज घालायला कुणी नव्हतं. तेव्हा मुलानं ठरवलं होतं की नळीसकट सोडलं तर आईला नांदगावला मामाकडे पोचवायचं. मामाचं किराणा दुकान होतं, मामी घरी असायची, आणि मामा हो म्हणाला होता. एकदा तिकडे गेल्या की परत कधी आणायचं, याबद्दल मुलगा बोलत नव्हता.

"म्हायेराला दिवाळीला जायचं आसतं," ताराबाई एकदा जड जिभेनं मला म्हणाल्या, "नाकात नळी घालून नाय." एवढं एक वाक्य बोलायला त्यांना बराच वेळ लागला. मी त्यांचा पाय वाकवत होते. तो तसाच वाकवत राहिले.

त्या वर्षीच्या माझ्या भेळेत चारजण होते आणि त्यांना मी ताराबाई दिल्या होत्या. वेदांत डॉक्टर होणारा, इंटर्न, गंगापूर रोडचा, इस्त्रीच्या एप्रनचा. रोहिणी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, सुरगाण्याकडून आलेली, कामाला वाघ आणि बोलायला मुखदुर्बळ. सना आमच्या फिजिओथेरपीची, मालेगावची, हिच्या तोंडाला झाकण नाही. आणि मयूर, स्पीच थेरपीचा, ज्याचं काम नक्की काय हे त्याच्या घरच्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. गिळण्याची परीक्षा घेणं हे खरं तर त्याचं काम. पण तो वॉर्डात आला की मामा त्याला औषध कंपनीचा माणूस समजून बाहेर थांबायला सांगत.

सुरुवातीला हे चौघं चार दिशांनी यायचे. ताराबाईंना एकच कहाणी चौघांना सांगावी लागायची. नाव काय, वय काय, कधी झालं, आधी काय त्रास होता. तिसऱ्या खेपेला त्यांनी सनाला सांगितलं, "त्या इस्त्रीवाल्या पोराला इचार. त्याला सगळं सांगितलंय." सना वेदांतकडे गेली. वेदांत म्हणाला, "तुला कशाला हवंय? तू पाय बघ." यावर सना जे बोलली ते वॉर्डच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं. दम्याचे एक बाबा उठून बसले.

मी भांडणं मिटवत नाही. तो माझा स्वभाव नाही आणि त्यात माझा वेळ जातो. मी फक्त चौघांना सांगितलं की रोज सकाळी दहा मिनिटं पॅसेजमध्ये उभं राहून एकमेकांना आपापलं सांगायचं, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या कामाबद्दल निदान एक प्रश्न विचारायचा. पहिले काही दिवस प्रश्न टोमण्यांसारखे होते. मग हळूहळू खरे व्हायला लागले. गिळताना हनुवटी खाली का घ्यायची, हे वेदांतनं मयूरला विचारलं आणि उत्तर ऐकून स्वतःची हनुवटी खाली घेऊन थुंकी गिळून पाहिली. पेज घातल्यावर लगेच आडवं करून व्यायाम घेऊ नको, हे रोहिणीनं सनाला हळूच सांगितलं आणि सनानं चक्क ऐकलं. एक दिवस मी कॅन्टीनमध्ये गेले तर चौघं एका टेबलावर बसून एकाच प्लेटमधली मिसळ खात होते. माझी भेळ जमली, असं मला वाटलं. विभागप्रमुखांनीही फोटो काढून नेला.

घरात पाहुणे आले आणि स्वयंपाकघरात चार बायका उभ्या राहिल्या की आमटीचं काय होतं, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आमटी एकतर खारट होते, नाहीतर अळणी. चौघी भांडत असतील तर खारट होते, कारण जी ती दुसरीवर विश्वास न ठेवता मीठ घालते. चौघींचं गूळपीठ असेल तर अळणी होते, कारण प्रत्येकीला खात्री असते की दुसरीनं घातलंच असेल. आमच्या शास्त्राची पुस्तकं खारट आमटीबद्दल पुष्कळ सांगतात. अळणीबद्दल फारसं बोलत नाहीत.

महाशिवरात्र आली. नाशिकला त्या दिवशी त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला मुंगीलाही वाट नसते आणि शहरात दर चौकात कुणीतरी साबुदाण्याची खिचडी वाटत असतं. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातही त्या दिवशी उपवासाचं करतात. वॉर्डात ताटांची गाडी फिरते तेव्हा वाढणारा प्रत्येक खाटेपाशी विचारतो, "उपास?" आणि मान हलली की खिचडीचं ताट, नाही हलली की वरणभाताचं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वाटण्यासारखं काही नाहीच.

त्या सकाळी पॅसेजमध्ये चौघांनी ठरवलं की आज नळी काढायची. मयूरनं आधीचे दोन दिवस थेंबाथेंबानं गिळवून पाहिलं होतं, घशात जोर आला होता. मेडिसिनच्या सरांनी होकार दिला. चौघं इतके खूश होते की एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. रोहिणीनं नळी काढली. मयूरनं चमच्यानं घट्टसर काहीतरी भरवून परीक्षा घेतली आणि वेदांतला सांगितलं, "मऊ, घट्टसर खाणं चालेल, पातळ नको." वेदांत म्हणाला, "डन." सनानं ताराबाईंना आरामखुर्चीत बसवलं, उशा लावल्या. सगळं पुस्तकात असतं तसं झालं.

दुपारी जेवणाआधीची इन्सुलिनची सुई ड्युटीवरच्या सिस्टरनं दिली, कारण ती वेळ सुईची होती. मग ताटांची गाडी आली. वाढणाऱ्यानं विचारलं, "उपास?" ताराबाईंनी मान हलवली. लहानपणापासून शिवरात्र धरत आलेली बाई दुसरं काय करणार? त्यांच्यापुढे साबुदाण्याची खिचडी आली, मोकळी, दाण्याच्या कुटाची. रोहिणीनं ते पाहिलं आणि धावत येऊन ताट उचललं. "नको आजी, हे घशात अडकेल." अगदी बरोबर केलं तिनं. त्या दिवशी त्या घशात साबुदाणा गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार नको. मऊ भाताचं ताट मागवलं असेलच, असं तिला वाटलं, कारण मयूरनं वेदांतला सांगितलं होतं. वेदांतला वाटलं, मयूर स्वयंपाकघराला सांगेल, खाण्याचं त्याचंच काम. मयूरला वाटलं, खाणं म्हणजे नर्सिंग. सनाला वाटलं की एवढे तिघं आहेत. आणि चौघंही उपवासाचे किंवा उपवासाच्या सोबतीचे, कॅन्टीनमध्ये साबुदाणेवडे खायला गेले. एकाच टेबलावर.

तिसऱ्या प्रहरी मी सनाबरोबर वॉर्डात गेले. सना नेहमीसारखी लांबूनच बोलत आली, "काय आजी, आज उभं राहायचं ना?" ताराबाई खुर्चीत होत्या. घामानं चोळी भिजली होती, हात थरथरत होते, आणि त्या सनाला कुठल्यातरी सखूच्या नावानं हाक मारून गाय सुटलीय, गाय सुटलीय असं म्हणत होत्या. सना थबकली. मग तिनं असा आवाज लावला की वेदांत जिन्यावरून पळत आला. रोहिणीनं बोटाला टोचून साखर पाहिली. साखर धोक्याच्या खाली गेल्याचं वेदांतनं यंत्रावर पाहिलं. त्यानं शीर शोधली, रोहिणीनं साखरेचं पाणी भरलेली सिरिंज त्याच्या हातात दिली, सनानं ताराबाईंना धरून ठेवलं. त्या वेळी त्यांच्यात एका शब्दाची चूक झाली नाही. मला मात्र भीती वाटली. ती बाई आमच्या डोळ्यांदेखत, आम्हा सगळ्यांचं एकमत असताना, उपाशी मरत होती.

थोड्या वेळानं त्या शुद्धीवर आल्या. कपाळ पुसून इकडे-तिकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?" संध्याकाळी सर आले, सगळं ऐकलं, फारसं रागावले नाहीत. ते जास्त वाईट असतं. "आता प्रयोग नकोत," ते म्हणाले. "नळी परत घाला. परवा नळीसकट डिस्चार्ज." रोहिणीनंच ती परत घातली. नळी नाकातून जाताना ताराबाईंनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर माझ्या खोलीत जे भांडण झालं त्यात कुणीही खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकानं आपलं काम केलं होतं आणि प्रत्येकजण तेच सांगत होता. मयूर म्हणाला, "मी सांगितलं होतं." वेदांत म्हणाला, "मी ऐकलं होतं." रोहिणी म्हणाली, "मी ताट उचललं नसतं तर?" सना म्हणाली, "म्हणजे काय, आजीनं एकटीनंच काही केलं नाही?" हे ती रागानं बोलली. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "मग त्यांनाच विचारा."

आम्ही पाचजण खाटेभोवती उभे राहिलो. वेदांतनं स्टूल ओढलं आणि बसला. त्याला बसून पेशंटशी बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं. "आजी, सुई दिल्यावर जेवायला मिळालं नाही, हे तुम्ही कुणाला का नाही सांगितलं?"

ताराबाई त्याच्याकडे वळल्या. "मला वाटलं, तुमाला ठावं आसंल," त्या म्हणाल्या. "सकाळी तुमी सगळे मिळून लय बोलत व्हते. त्यात शिवरात. मला वाटलं, देवानंच उपास घडवून आणला." मग थोडं थांबून, "तुमी भांडत व्हते ना, तवा मी सगळ्यांना सांगायची. आता तुमचं पटतंय म्हनून मी गप ऱ्हायले."

दरवर्षी नव्या मुलांना मी हा प्रसंग सांगते. नावं बदलून सांगते, आणि शेवटचं वाक्य गाळून सांगते. ते वाक्य सांगितलं तर मुलांना वाटेल की भांडणच बरं, आणि तसं तर नाही. त्यांना मी इतकंच सांगते की एकत्र ठरवलं म्हणजे काम झालं असं नाही, कोण करणार हे ठरवून त्यानं हो म्हटल्यावर अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं खाटेवर पडलेलं असतं. यंदाच्या बॅचमधल्या एका मुलीनं काल विचारलं, "मॅडम, मग पॅसेजमध्ये बोलायचं कशाला, तिथेच खाटेपाशी बोलू ना?" मी म्हटलं, बोला. हे इतकं सोपं उत्तर मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं याचं थोडं वाईट वाटलं, आणि मग मी चहा मागवला. मागच्या बागेत काढणी चालू होती. क्रेटचे आवाज येत होते. वर आभाळ स्वच्छ होतं आणि त्यामुळे वॉर्डात शांतता होती.

त्या वर्षी मात्र आभाळ भरून आलं होतं. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बागायतदार खिडकीशी गर्दी करून उभे, आणि मनीषा पॅकहाउसचा खाडा करून आलेली. सासूचे कपडे पिशवीत भरत होती. मी तिला म्हटलं, "उद्या आहे ना डिस्चार्ज?" ती म्हणाली, "उद्या गाडी नांदगावला निघायचीय मॅडम. आज आवरून ठेवते." मग पिशवीकडे बघतच म्हणाली, "सासूबाईंशिवाय घर चालवायचं कसं, ते मला ठाऊक नाही. पण नळी नाही जमायची मला. कामावरून काढतील." ती रडत नव्हती. तिनं साडीची घडी मोडून पुन्हा घातली.

चौघं सरांकडे गेले. मी दाराबाहेर होते, मला जायची गरज नव्हती. वेदांत म्हणाला, "सर, एकदा परत संधी द्या. आज." सरांनी विचारलं, "जबाबदारी कोणाची?" वेदांत म्हणाला, "आमची." सर म्हणाले, "आमची म्हणजे कोणाचीच नाही. कालही आमचीच होती." मग रोहिणीचा आवाज आला, नेहमीइतकाच हळू. "सुई माझी, सर. ताट समोर आल्याशिवाय आणि मयूरनं ते बघितल्याशिवाय मी सुई देणार नाही. ड्युटीच्या सिस्टरांशी मी बोलून घेतलंय." मयूर म्हणाला, "ताट मी स्वतः स्वयंपाकघरातून आणीन." सना म्हणाली, "बसवणं माझं, आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ देणार नाही." वेदांतला आता काही उरलं नव्हतं. तो म्हणाला, "मी आजींना सांगतो, सर. आणि त्यांच्या सुनेला." सर काही वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, "आजची दुपार. ठसका लागला तर विषय संपला."

दुपारी नळी पुन्हा निघाली. सनानं उशा लावल्या, पाठ सरळ केली, लुळा हात मांडीवर नीट ठेवला. मयूर दोन्ही हातांत ताट धरून आला. मऊ भात, घट्ट वरण, दोन्ही एकत्र कालवलेलं, वर थेंबभर तूप. रोहिणीनं ताट पाहिलं, मयूरकडे पाहिलं, मग सुई दिली. मनीषा पायाशी उभी होती, पिशवी अजून हातात. वाढणारा त्याची गाडी सोडून आला. दम्याचे बाबा उठून बसले. बागायतदारांनी खिडकीकडे पाठ केली. सरही आले, पण दारातच थांबले, जणू दुसऱ्याच कामाला निघाले होते.

मयूरनं चमचा भरून ताराबाईंच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

"सगळ्यांना ठावं हाय ना, मी आज जेवनार हाय?"

कुणी हसलं नाही. त्यांनी वेदांतकडे पाहिलं. "तुला?"

"हो, आजी."

"तुला गं?" रोहिणीनं मान हलवली. "मान नको हलवू, तोंडानं बोल." रोहिणी म्हणाली, "हो." मग सना, मग मयूर, मग मी. मीही हो म्हटलं. शेवटी त्यांनी दाराकडे पाहिलं आणि सर, इकडे-तिकडे न बघता, हो म्हणाले.

मग त्यांनी तोंड उघडलं. हनुवटी खाली घेतली, शिकवलं होतं तशी. गळ्याची घाटी वर गेली, थांबली, खाली आली. आम्ही ठसक्याची वाट पाहत होतो. बाहेर एक क्रेट पडला. ठसका आला नाही. दुसरा घास गेला, तिसरा गेला. रोहिणीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण तिच्या हातात ट्रे होता. मीही दुसरीकडे पाहिलं. मला फार आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

ताट निम्मं झालं तेव्हा ताराबाईंनी हात वर करून मयूरला थांबवलं. जीभ फिरवून तोंड साफ केलं, श्वास घेतला आणि सुनेकडे वळल्या.

"ती पिशवी ठेव खाली," त्या म्हणाल्या. "नांदगावला कळवा, मी येत नाय." मनीषा खाली वाकली. ताराबाईंनी पुन्हा एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"आन् फोन कोन करनार, ते आत्ता माझ्यासमोर ठरवा."